क्रिएटिनिन उत्तम, पण गुडघा धरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मूत्रपिंड प्रत्यारोपणाबद्दल वृत्तपत्रांतून जे छापून येते ते बहुधा अवयवदानाचे महत्त्व आणि शस्त्रक्रियेचे यश एवढ्यावर थांबते. घरी आलेल्या रुग्णाचा पुढचा हिशेबही दोनच आकड्यांवर चालतो: मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन किती आणि शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली लेव्हल किती. हे आकडे महत्त्वाचे आहेतच. पण याच काळात कुणाची मांडी बधिर होते, कुणाचा गुडघा चालता चालता दुमडतो, कुणाच्या हाताला कंप सुटतो, कुणाला खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागू लागतो. ‘एवढं मोठं ऑपरेशन झालंय, अशक्तपणा राहणारच’ असे म्हणून घरचे आणि कधी कधी डॉक्टरही ही तक्रार मिटवून टाकतात. आमचे आग्रहाचे म्हणणे आहे की यातल्या बहुतेक तक्रारींमागे शोधता येणारे कारण असते आणि पुष्कळ कारणांवर उपायही असतो. शोधाचा पहिला धागा म्हणजे तक्रार शस्त्रक्रियेनंतर नेमकी केव्हा सुरू झाली आणि त्याआधी कोणते औषध बदलले होते.

पहिल्या दोन दिवसांपासून सुरुवात करू. नवे मूत्रपिंड पाठीत, जुन्या मूत्रपिंडांच्या जागी बसवत नाहीत. ते ओटीपोटाच्या एका बाजूला, जांघेच्या वर, कमरेच्या हाडाच्या खळग्यात आणि आतड्यांच्या आवरणाच्या बाहेर ठेवतात. पॅरिसच्या शल्यचिकित्सकांनी १९५१मध्ये ही जागा वापरली आणि आजही प्रौढांमध्ये सर्वसाधारणपणे हीच पद्धत चालते. पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या तिथे हाताशी येतात, मूत्राशयही जवळ असते. पण त्याच खळग्यात सोआस आणि इलियाकस या दोन स्नायूंच्या मधल्या खाचेतून फिमोरल नस मांडीकडे उतरते. जखम उघडी धरण्यासाठी बसवलेल्या रिट्रॅक्टरचे पाते सोआसवर फार वेळ दाबून राहिले की खालची नस चेपते. शरीर कृश असेल तर पाते अधिक खोल पोहोचते आणि धोका वाढतो. शिवाय या नसेला रक्त पुरवणाऱ्या काही बारीक धमन्या ओटीपोटातल्या आतल्या इलियाक धमनीच्या शाखा असतात. प्रत्यारोपणासाठी हीच धमनी वापरली, तर तो पुरवठाही कमी होऊ शकतो.

रुग्णाला पहिल्यांदा उभे करतात तेव्हा ही गोष्ट उघड होते. ज्या बाजूला मूत्रपिंड बसवले त्याच बाजूचा गुडघा वजन पडताच दुमडतो. मांडीची पुढची बाजू आणि नडगीची आतली बाजू घोट्यापर्यंत बधिर वाटते. तपासणी खाटेजवळच होते. रुग्णाला पाय खाली सोडून बसवायचे, नडगीवर हात ठेवून विरोध करायचा आणि गुडघा सरळ करायला सांगायचे. मग हातोडीने गुडघ्याची प्रतिक्षिप्त हालचाल पाहायची. फिमोरल नस चेपली असेल तर गुडघा सरळ करण्याची ताकद कमी असते आणि ती हालचाल मंद किंवा नाहीशी झालेली असते. दोन मांड्या एकमेकींकडे ओढण्याची आणि पाऊल वर उचलण्याची ताकद मात्र शाबूत असते. याही हालचाली कमजोर असतील तर दोष एका नसेचा नाही. कमरेतले नसांचे जाळे किंवा मणक्यातून निघणारी मुळे तपासावी लागतात. फक्त मांडीच्या बाहेरच्या बाजूला जळजळ किंवा बधिरपणा असेल आणि ताकद पूर्ण असेल, तर चेपली ती त्वचेची एक लहान नस. ती त्रासदायक खरी, पण तिच्यामुळे कुणी पडत नाही.

इथे एका धोक्याबद्दल ठासून सांगायला हवे. कमजोरी काही तासांत वाढत चालली आहे, जांघेत किंवा कमरेत तीव्र दुखते आहे, रुग्ण मांडी पोटाकडे दुमडून ठेवतो आणि सरळ करू देत नाही, हिमोग्लोबिन उतरते आहे, अशी चिन्हे दिसली तर रिट्रॅक्टरला दोष देऊन थांबू नये. स्नायूच्या आवरणात रक्तस्राव होऊन नसेवर दाब येत असण्याची शक्यता असते, विशेषतः हेपरिन किंवा रक्त पातळ करणारी इतर औषधे चालू असतील तर. त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात सोनोग्राफी किंवा सीटी करून घ्यावे. दाब वेळेवर काढला नाही तर नसेची कायमची हानी होऊ शकते.

साध्या चेपलेल्या नसेचे भवितव्य बहुधा चांगले असते. नसेवरच्या आवरणालाच धक्का लागला असेल तर काही आठवड्यांत ताकद येते. आतले तंतू तुटले असतील तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतात, म्हणजे महिने लागतात. नसांची विद्युत तपासणी पहिल्या दोन-तीन दिवसांत करून ‘सगळं ठीक आहे’ असा निष्कर्ष काढू नये. तुटलेल्या तंतूंचा टोकाकडचा भाग काही दिवस वीज वाहून नेत राहतो, आणि स्नायूत सुई घालून दिसणारे बदल उमटायला साधारण तीन आठवडे जातात. तोपर्यंत उपचार थांबवायचे कारण नाही. चालताना गुडघा सरळ धरणारा ब्रेस आणि वॉकर द्यावा. मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम पहिल्या आठवड्यातच, टाक्यांवर ताण न देता सुरू करावेत. जिना उतरताना कुणीतरी पुढे उभे राहावे, कारण असा गुडघा चढण्यापेक्षा उतरताना जास्त फसवतो. स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेवर असलेल्या, डायलिसिसच्या वर्षांत हाडे ठिसूळ झालेल्या माणसाला एक पडणे खुब्याच्या फ्रॅक्चरपर्यंत नेऊ शकते. शल्यचिकित्सकांनी पाती शक्य तितकी आखूड निवडावीत, त्यांखाली ओला कपडा ठेवावा, टोक सोआसवर रुतलेले नाही हे हाताने चाचपून पाहावे आणि रक्तवाहिन्या जोडून झाल्या की रिट्रॅक्टरची चौकट सैल करावी.

पहिल्या दिवसांतली आणखी एक दुर्मीळ पण गंभीर गोष्ट म्हणजे कमरेतल्या नसांच्या जाळ्याचा रक्तपुरवठा तुटणे. मधुमेहामुळे धमन्या कडक झालेल्या आणि आतली इलियाक धमनी जोडणीला वापरलेल्या रुग्णात हे घडू शकते. नितंबात वेदना आणि पाऊल लटके पडण्यासह संपूर्ण पाय कमजोर होणे हे त्याचे रूप. दुसऱ्या प्रत्यारोपणात उरलेल्या बाजूचीही तीच धमनी वापरायची वेळ आली, तर हा धोका आधी मोजला पाहिजे.

दुसऱ्या आठवड्यापासून चित्र बदलते. आता दोष रक्तातल्या क्षारांत शोधावा लागतो. नवे मूत्रपिंड उत्तम काम करत असते, पण जुन्या आजारात वाढलेली पॅराथायरॉइड आणि एफजीएफ-२३ ही संप्रेरके लगेच खाली येत नाहीत. त्यांच्या हुकमाने मूत्रपिंड फॉस्फरस लघवीवाटे बाहेर टाकत राहते. पहिल्या काही आठवड्यांत, कधी तीन महिन्यांपर्यंत, रक्तातला फॉस्फरस डेसिलिटरमागे २.५ मि.ग्रॅ.च्या खाली जातो. १ मि.ग्रॅ.च्या खाली गेला तर स्नायूंना शक्ती पुरत नाही, छाती भरून श्वास घेणेही जड जाते. यात एक साधी चूक वारंवार होऊ शकते: डायलिसिसच्या काळात फॉस्फरस बांधून ठेवण्यासाठी दिलेल्या गोळ्या आणि फॉस्फरस वर्ज्य करणारा आहार, दोन्ही जुन्या सवयीने चालूच राहतात. घरी येताना जुनी औषधे नव्या यादीशी एकेक करून ताडून पाहिली पाहिजेत. फॉस्फरसच्या गोळ्या मात्र स्वतःहून घेऊ नयेत; त्यांच्यामुळे पॅराथायरॉइड आणखी चेतू शकते, म्हणून आकडा किती कमी आहे ते पाहूनच त्या देतात.

मॅग्नेशियमची कथा जास्त काळ चालते. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही नकार रोखणारी दोन्ही औषधे मूत्रपिंडातून मॅग्नेशियम गळू देतात. त्यात आम्लपित्तासाठी रोज पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल चालू असेल तर आतड्यातून ते शोषलेही कमी जाते. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, बोटे आखडतात, कंप वाढतो. मॅग्नेशियम कमी असेपर्यंत कॅल्शियम आणि पोटॅशियमचीही कमतरता नीट भरून निघत नाही, म्हणून गोळे येतात म्हणून नुसते कॅल्शियम देत राहण्यात अर्थ नाही. मॅग्नेशियमच्या गोळीने जुलाब होऊ शकतात, जुलाबात टॅक्रोलिमसची लेव्हल चढू शकते, आणि मॅग्नेशियम असलेली आम्लनाशके मायकोफेनोलेट या नकार रोखणाऱ्या औषधाच्या शोषणात अडथळा आणतात. म्हणून या दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. पोटॅशियमचा प्रश्न उलटा असतो: टॅक्रोलिमस आणि संसर्ग टाळण्यासाठी दिलेले कोट्रायमॉक्साझोल मिळून ते वाढवतात. हातपाय अचानक गळून गेले तर रक्तातले पोटॅशियम आणि ईसीजी लगेच पाहावे, कारण तिथे प्रश्न हृदयाचा असतो.

हाताचा कंप ही टॅक्रोलिमसवरच्या रुग्णांची सगळ्यात सामान्य तक्रार. हात पुढे धरला किंवा कप उचलला की बोटे बारीक थरथरतात, अक्षर बिघडते, शर्टाची गुंडी लागत नाही. गोळी घेतल्यावर एक ते तीन तासांत औषध रक्तात शिखरावर असते आणि तेव्हा कंप अधिक जाणवतो. लेव्हलसाठी रक्त मात्र सकाळची गोळी घेण्याआधी, रात्रीच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी द्यायचे असते. गोळी घेऊन मग रक्त दिले की आकडा खोटा चढतो आणि त्यावर मात्रा कमी केली जाते, म्हणून शेवटची गोळी किती वाजता घेतली ते अहवालावर लिहून घ्यावे. खरोखर लेव्हल चढली असेल तर कारण शोधावे: क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन, बुरशीवरचे फ्लुकोनाझोल, रक्तदाबाचे डिल्टियाझेम, ग्रेपफ्रूटचा रस, जुलाब. लेव्हल मर्यादेत असूनही काहींना कंप राहतोच. त्यांच्यासाठी मात्रा थोडी उतरवणे, शिखर बुटके ठेवणारी दिवसातून एकदाची सावकाश विरघळणारी गोळी देणे किंवा औषधच बदलणे हे मार्ग आहेत. कंपाला वैतागून स्वतःच गोळी गाळणे हा मार्ग नव्हे. त्यात मूत्रपिंड गमावण्याची भीती आहे. आणि कंपासोबत तीव्र डोकेदुखी, धूसर दिसणे, गोंधळ किंवा फिट आली तर ती मेंदूच्या सुजेची खूण असू शकते, तेव्हा थेट रुग्णालय गाठावे.

याच औषधांमुळे होणारा एक प्रकार नसांच्या दुखण्याशी हमखास गल्लत करवतो. दोन्ही पावले, घोटे, गुडघे सारखेच दुखतात. उभे राहिले, चालले की दुखणे वाढते आणि पाय उंचावर ठेवून पडले की उतरते. नसांची तपासणी ठीक येते, एमआरआयमध्ये हाडाच्या मगजात सूज दिसते. मात्रा कमी केल्यावर आणि कधी निफेडिपिनसारख्या औषधाने हे काही महिन्यांत निवळते. जांघेत एकाच बाजूला दुखत असेल तर मात्र स्टेरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला नाही ना, ते एमआरआयने पाहावे. सुरुवातीला साधा एक्स-रे निर्दोष येतो.

स्टेरॉइडमुळे येणारी स्नायूंची कमजोरी हळूहळू येते, दुखत नाही, म्हणून उशिरा लक्षात येते. मांड्या, खुबे आणि खांदे आधी कमजोर होतात. खुर्चीतून उठणे, बस चढणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे अवघड होते. बोटांची पकड चांगली असते. रक्तातले सीके हे स्नायूंचे एन्झाइम सर्वसामान्य असते आणि विद्युत तपासणीतही फारसे काही सापडत नाही, त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून रुग्णाला परत पाठवले जाते. नकार प्रतिक्रियेसाठी मोठी मात्रा द्यावी लागलेल्यांना आणि आधीच कुपोषित असलेल्यांना याचा त्रास अधिक. डॉक्टरांनी मात्रा उतरवली की काही आठवडे ते महिन्यांत ताकद परत येते. व्यायाम आणि पुरेसे प्रथिन यांची जोड लागते. स्टेरॉइड एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते, हे इथे पुन्हा सांगितलेच पाहिजे.

सीके वाढलेले असेल तर रोख दोन औषधांकडे वळवावा. पहिले कोल्चिसिन. प्रत्यारोपणानंतर, विशेषतः सायक्लोस्पोरिनवर, गाउट (युरिक आम्ल साठून सांधे सुजण्याचा आजार) होतो. अंगठा सुजला की वेदनाशामके चालत नाहीत, म्हणून कोल्चिसिन लिहिले जाते. सायक्लोस्पोरिन त्या औषधाला शरीराबाहेर जाऊ देत नाही, आणि मूत्रपिंडाचे काम अर्धवट असेल तर नेहमीची वाटणारी मात्राही साठत जाते. आधी जुलाब लागतात, पुढे काही दिवस-आठवड्यांत मांड्या गळतात, सीके चढते, पायांत बधिरपणा येतो. त्यात क्लॅरिथ्रोमायसिनची भर पडली तर मृत्यूही ओढवला आहे. कोल्चिसिन थांबवले की स्नायू सहसा काही आठवड्यांत सावरतात, नसांना जास्त वेळ लागतो. आणि गाउटसाठीच अॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट सुरू करताना रुग्ण अॅझाथायोप्रिन हे नकार रोखणारे औषध घेतो का, हे विचारायलाच हवे. ही जोडी रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरवते.

दुसरे स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधे. प्रत्यारोपणानंतर हृदयासाठी त्यांची गरज असते, म्हणून त्यांना सरसकट नको म्हणणे चूक आहे. प्रश्न जोडीचा आहे. सायक्लोस्पोरिनसोबत सिम्व्हास्टॅटिन वर्ज्य. रोसुव्हास्टॅटिन काही देशांत दिवसाला ५ मि.ग्रॅ.पुरते मर्यादित आहे, काही ठिकाणी पूर्ण मनाई आहे. फ्लुव्हास्टॅटिन आणि कमी मात्रेतले प्राव्हास्टॅटिन त्या मानाने सुरक्षित. टॅक्रोलिमससोबत ही अडचण बरीच कमी. स्नायू दुखरे, जड झाले आणि लघवी कोलाच्या रंगाची झाली तर स्नायू विरघळून त्यांतले द्रव्य नव्या मूत्रपिंडात अडकत असण्याची शक्यता असते. सीके सामान्य मर्यादेच्या दहापटीपुढे गेले असेल तर स्टॅटिन तत्काळ थांबवतात.

प्रतिजैविकांचीही नोंद हवी. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटाने टाचेमागचा कंडरा (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा दोर) तुटू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८मध्ये दिलेल्या ठळक इशाऱ्यात ६० वर्षांवरील, स्टेरॉइड घेणारे आणि मूत्रपिंड, हृदय वा फुप्फुसाचे प्रत्यारोपण झालेले रुग्ण यांचा जास्त धोक्याचे म्हणून स्पष्ट उल्लेख आहे. टाच दुखू लागताच गोळी थांबवून डॉक्टरांना कळवावे. क्षयावरच्या आयसोनायझिडसोबत बी-६ द्यावेच लागते. मूत्रमार्गाच्या संसर्गावरचे नायट्रोफ्युरँटॉइन मूत्रपिंड मंद असताना नसा बिघडवते. लिनेझोलिड २८ दिवसांपुढे गेले तर पायांच्या आणि डोळ्यांच्या नसांवर लक्ष ठेवावे.

नागिणीत पुरळ येण्याआधी काही दिवस नुसतीच एका पट्ट्यात आग होते. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू झालेले बरे. प्रतिबंधक लस देताना जिवंत विषाणूची लस प्रत्यारोपणानंतर चालत नाही, निर्जीव घटकाची चालते. दोन्ही पायांतून सुरू झालेली कमजोरी दिवसागणिक वर चढत असेल तर तो गिया-बारे, म्हणजे प्रतिकारशक्तीच नसांवर उलटण्याचा आजार, असू शकतो. सीएमव्ही विषाणूच्या संसर्गानंतर तो दिसलेला आहे. अशा रुग्णाला श्वासाची ताकद मोजता येईल अशा ठिकाणी दाखल करावे.

नसांच्या वेदनेवरच्या गोळ्याही जपून द्याव्या लागतात. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतात, म्हणून मात्रा ईजीएफआरनुसार, म्हणजे मूत्रपिंड किती गाळते त्या आकड्यानुसार. नाहीतर गुंगी, झटके आणि पडणे. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन टॅक्रोलिमसची लेव्हल पाडतात. वेदना थांबते आणि मूत्रपिंड नाकारले जाते, असा सौदा कुणीही करू नये.

प्रत्यारोपणाने सुधारणाऱ्या गोष्टीही आहेत आणि त्या रुग्णाला सांगितल्याच पाहिजेत. मूत्रपिंड निकामी असताना साठलेल्या विषद्रव्यांनी पायांच्या नसांत आलेला बधिरपणा, रात्रीची पायांची अस्वस्थ चुळबुळ, हे बऱ्याच जणांत पहिल्या काही आठवड्यांतच कमी होऊ लागते आणि सुधारणा पुढे कित्येक महिने चालते. स्नायू आधीच फार झिजले असतील तर ती अपुरी राहते. मनगटात नस दाबल्याने दुखणारा हात लवकर हलका वाटतो, पण डायलिसिसच्या वर्षांत साठलेले अमिलॉइड हे प्रथिन तिथेच असते, म्हणून बोटे बधिर राहिली तर शस्त्रक्रिया लागू शकते. मधुमेहामुळे बिघडलेल्या नसा एकट्या मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाने सुधारत नाहीत. आणि प्रत्यारोपणानंतर औषधांमुळे ज्यांना मधुमेह नव्याने जडतो, त्यांची पावलेही तेव्हापासूनच दर भेटीत तपासली पाहिजेत.

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक प्रत्यारोपण केंद्राच्या तपासणी-पत्रकात हातापायांसाठी चार ओळी असाव्यात: हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठायला किती सेकंद लागले, गुडघ्याची प्रतिक्षिप्त हालचाल दोन्ही बाजूंना आहे का, पसरलेल्या हातांना कंप आहे का, पावलांना ट्यूनिंग फोर्कची थरथर जाणवते का. यांची पहिली नोंद शस्त्रक्रियेआधीच झालेली असावी, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार? पहिल्या तीन महिन्यांत क्रिएटिनिनसोबत मॅग्नेशियम, फॉस्फरस आणि पोटॅशियम पाहावे. अशक्तपणाची तक्रार असेल तर सीके, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइडही. रुग्णांनी एका वहीत तारीख, तक्रार आणि त्या आठवड्यात सुरू वा बंद झालेले औषध लिहावे, आणि दंतवैद्यापासून त्वचारोगतज्ज्ञापर्यंत कुणीही नवी गोळी लिहिली तर ती पहिल्यांदा घेण्याआधी प्रत्यारोपण केंद्राला फोन करून विचारावे.

आपल्या आरोग्य पुरवणीत अवयवदानाच्या लेखांसोबत प्रत्यारोपणानंतरच्या या बाजूलाही जागा मिळावी, ही विनंती.

आपले,
मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांवर उपचार करणारे काही डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट